उताऱ्यापासून सुरुवात

खाद्यव्यवसायातल्या कच्च्या मालाचा हिशेब हा विषय वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत शोधायला गेलात तर कारखाने आणि गोदामेच भेटतात. पोळी-भाजी केंद्र, डबे, दिवाळीचा फराळ, बचत गटाचा मसाला यांना तिथे क्वचितच जागा मिळते. विषय मात्र कारखान्यांहून पुष्कळ जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कामे सांगताना धान्य कांडल्यावर किती उरते, शिजल्यावर किती वाढते, याची प्रमाणे दिली आहेत. तिळाचे तेल चौथा हिस्सा निघते, जवसाचे सहावा, इतका बारकावा त्यात आहे.

या विषयाकडे येणारे बहुतेकजण भावाची वही घेऊन येतात: आज कांदा काय, डाळ काय. वही चांगलीच, ती टाकू नये. पण भाव रोज बदलतो आणि त्यात आपले काही चालत नाही. निवडून, सोलून, भाजून हाती किती उरते, हे प्रमाण मात्र फारसे हलत नाही आणि ते आपल्याच ओट्यावर मोजता येते. साखर कारखाना उसाचा उतारा काढतो, तसा कोथिंबिरीचाही काढता येतो. या पुस्तकाची मांडणी म्हणून उताऱ्यापासून सुरू होते. भाव मागाहून येतात.

मटार घ्या. किलोभर शेंगांतून साधारण साडेचारशे ग्रॅम दाणे निघतात. शेंगा कोवळ्या असल्या तर त्याहून कमी. म्हणजे शेंगा 60 रुपये किलो असल्या की दाणे 133 रुपयांना पडतात. गोठवलेले दाणे 120 ला मिळत असतील तर तेच घ्यावेत. थंडीत शेंगा 40 वर उतरल्या की दाणे 89 ला पडतात आणि पारडे फिरते. 120 ला 0.45 ने गुणले की 54 येतात. शेंगा त्याखाली असतील तोवर सोलणे परवडते. (सोलणाऱ्यांची मजुरी यात धरलेली नाही. सासूबाईंनी सोलून दिले म्हणून ती शून्य होत नाही, हे सांगितलेले बरे.) भाव दरवर्षी नवे येतील, 0.45 हा आकडा तोच लागेल.

तेलाला दोन प्रकरणे दिली आहेत, कारण घोटाळा खरेदीपासूनच सुरू होतो. 15 किलोचा आणि 15 लिटरचा डबा दुकानात शेजारी-शेजारी असतात. लिटरभर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम, म्हणजे दुसऱ्या डब्यात पावणेचौदा किलोही तेल नसते. दोन्ही 2,100 रुपयांना असतील तर एकातले तेल 140 रुपये किलोने पडते, दुसऱ्यातले जवळजवळ 154 ने. पुढे कढईत आणखी गुंता. चकली किती तेल प्यायली हे तिच्याकडे पाहून कळत नाही. तळणीआधी आणि गार झाल्यावर कढईतले तेल तोलले की कळते. मोहन जास्त झाले की हा आकडा लगेच वर जातो, त्यामुळे हिशेबासाठी केलेले वजन स्वयंपाकाचीही परीक्षा घेते. उरलेले तेल सगळेच वाचले असे नाही. ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांच्या पुढे गेलेले तेल खाद्यसुरक्षा नियमांनुसार वापरता येत नाही, तेव्हा टाकून दिलेले तेलही चकलीच्याच खात्यावर मांडावे लागते.

पाककृतींची पुस्तके इथे थोडीच मदत करतात. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'सारख्या पुस्तकांतले वाटीचे माप घरात सोयीचे असते, बाजार मात्र किलोने विकतो.

काळाचा प्रश्न जास्त खोल आहे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना जेवणाचे पैसे महिन्याने मिळत, चूल मात्र रोज पेटत असे. मधले दिवस उधारीवर निघत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यामागे या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे हा मोठा हेतू होता. वाण्याच्या उधारीच्या भावात व्याज मुरलेले असते. ते डाळीचा भाव म्हणून लिहिले की डाळ महाग दिसते आणि कर्ज दिसतच नाही. ही दोन खाती वेगळी काढायची पद्धत पाचव्या प्रकरणात आहे.

आणखी एक उदाहरण अलीकडचे. 14 सप्टेंबर 2024 पासून, गणपती बसलेले असतानाच, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवर 20 टक्के मूळ आयातशुल्क लागू झाले. दिवाळी तोंडावर होती. जुन्या भावाने भरून ठेवलेले डबे फराळात कोणत्या भावाने धरायचे? लेखापालांत यावर मतभेद असतात. मला वाटते, नफा काढताना प्रत्यक्ष दिलेला भाव धरावा आणि दरपत्रक लिहिताना पुढचा डबा ज्या भावाने आणावा लागेल तो. जुन्या भावाने फराळ विकणाऱ्याला पहिल्या डब्यावर नफा दिसतो, पण त्या पैशांत दुसरा डबा येत नाही.

भाडे, गॅस आणि मजुरी यांचा विचार इथे जेमतेम केला आहे. त्यांच्यासाठी वेगळे पुस्तक हवे. वाचकाने पहिल्याच दिवशी सगळे डबे तोलायला घेऊ नयेत. वेलदोडा आणि केशर महाग म्हणून नजरेत भरतात, पण पैसा बहुधा तेल, डाळ, पीठ, साखर आणि सुके खोबरे यांत जातो. ग्रॅम दाखवणारा काटा, एक वही आणि हे चार-पाच जिन्नस एवढ्यावर पहिले प्रकरण पुरे होते.