कुंडल ते शेणोली: हद्द ओलांडताना

आमचा पळणाऱ्या-चालणाऱ्यांचा गट या रविवारी कुंडलहून शेणोलीला गेला. सांगली जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात. फोनवर नकाशा पाहिला तरच कळते अशी हद्द. पण १९४३ साली इथल्या हद्दीला फार किंमत होती. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, शेणोली इंग्रजांच्या मुलखात. संस्थानात शिरलेल्या भूमिगताला पकडणं इंग्रज पोलिसांना सोपं नसे. औंधच्या राजांनी तर १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना दिलेली!

आम्ही बूट घालून, खजूर खिशात टाकून उजेडी पळतो. ती पोरं वॉरंट अंगावर घेऊन पायी हिंडली.

७ जून १९४३ ला तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वे अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, पुढे होते. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. आपण सर्रास 'लूट' म्हणतो ना? भाऊंना तो शब्द मान्य नव्हता. लोकांचाच पैसा परत आणला, असं ते सांगत. मला त्यांचंच पटतं. आमच्या गटात मात्र स्मारकापाशी यावर वाद रंगला, चहा गार होईपर्यंत.