मुंबईत जन्मलेला क्रीडागुरू

१९५१ साली मुंबईत एका अमेरिकन कुटुंबात जन्मलेले अ‍ॅन्सन डॉरन्स १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचे पहिले प्रमुख प्रशिक्षक झाले. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींबाबत भेदभाव करण्यास तेथील १९७२ च्या कायद्याने मनाई केली होती. पण कायदा दार उघडतो, आत नेतो तो गुरू. सरावातील प्रत्येक झुंजीचे गुण नोंदवून डॉरन्स यांनी मुलींत चुरस रुजविली. २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी विद्यापीठाला २२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली; १९९१ चा पहिला महिला विश्वचषकही अमेरिकेने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली जिंकला. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील शाळा-महाविद्यालयांनी यातून एवढेच घ्यावे: मुलींना मैदान देणे हे अर्धे कार्य, त्या मैदानावर वर्षानुवर्षे उभा राहणारा शिक्षक देणे, हे उरलेले अर्धे.