जखमेवरची जाळी पाण्यात टिकलीच पाहिजे

जखमेवरच्या नॅनोतंतूंच्या पट्टीसाठी जिलेटिन, कायटोसान यांसारखी नैसर्गिक द्रव्ये आहेत तशीच वापरावीत. त्यांवर रासायनिक प्रक्रिया केली की गुण गेला आणि धोका आला, असे मत सर्रास मांडले जाते. या पूर्वपक्षात तथ्य आहे. तंतू पक्के करण्यासाठी सर्रास वापरले गेलेले ग्लुटाराल्डिहाइड पेशींना घातक असते. त्याचा अंश पट्टीत उरला तर जखमेचे नुकसानच. पण एक रसायन वाईट म्हणून प्रक्रियाच वाईट, हे तर्काला धरून नाही.

मुळात ही द्रव्ये 'आहेत तशी' मिळतात कुठे? कोळंबीच्या टरफलातली खनिजे आणि प्रथिने काढल्यावर कायटिन उरते. ते तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवावे तेव्हा कायटोसान तयार होते. जिलेटिनही कोलॅजेन मोडूनच मिळते.

शिवाय प्रक्रिया न केलेला तंतू जखमेवर टिकत नाही. हजारो व्होल्टच्या विद्युतदाबाखाली द्रावणातून ओढलेले जिलेटिनचे तंतू केसापेक्षा शंभरपटींनी बारीक असू शकतात. त्यांची पांढरीशुभ्र जाळी 37 अंशांच्या पाण्यात सोडली की आक्रसते, चिकट होते आणि विरघळून जाते. नव्या पेशींनी पसरायचे ते ज्या जाळीच्या आधाराने, तीच नाहीशी झाली तर पट्टीचा उपयोग काय?

शरीरही धागे बांधूनच घेते. रक्त गोठताना फायब्रिनचे धागे 'घटक 13'मुळे एकमेकांना सांधले जातात. ज्यांच्यात हा घटक जन्मतः नसतो, त्यांच्या रक्ताची गुठळी होते, पण टिकत नाही. जखमाही नीट भरत नाहीत. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीच्या सालीत मुरवतात, तेव्हाही कोलॅजेनच पक्के होते.

तेव्हा प्रश्न कोणती प्रक्रिया करावी, एवढाच उरतो. गार्डेनियाच्या फळांपासून मिळणारे जेनिपिन ग्लुटाराल्डिहाइडपेक्षा पेशींना बरेच कमी घातक आहे. निर्वात उष्णतेने जिलेटिन बांधताना तर बाहेरचे काहीच मिसळावे लागत नाही. सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळते, पण कॅल्शियमने बांधलेले अल्जिनेट टिकते. त्याच्या पट्ट्या रुग्णालयांत कित्येक वर्षे वापरात आहेत.

म्हणून पट्टीची पारख तिच्या कुळावरून करू नये. ओल्या जखमेवर ती किती दिवस टिकते, विघटन होताना काय सुटते आणि आत किती रसायन उरते, हे तिन्ही आकडे मोजता येतात. संशोधकांनी ते द्यावेत आणि डॉक्टरांनी ते मागून घ्यावेत. 'शंभर टक्के नैसर्गिक' या शिक्क्यावर समाधान मानू नये.