बर्गंडीचे द्राक्षमळे व गरिबांचे रुग्णालय

महोत्सवाच्या स्मरणिकेत द्राक्षारसाचा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील, हे आम्ही जाणून आहो. दारूने धुळीस मिळविलेली घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत, व त्यांच्या उंबरठ्यावर आम्ही अनेकदा उभे राहिलो आहो. तथापि वेदीवर अर्पण होणारा रस द्राक्षांचाच, शुद्ध व न नासलेला असला पाहिजे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. म्हणूनच युरोपात जेथे मठ उभा राहिला, तेथे बहुधा वेलही लावला गेला.

फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांत याची उत्तम साक्ष देतो. तेथे सितो येथे इ. स. १०९८ मध्ये सिस्तर्शियन संन्याशांचा मूळ मठ स्थापन झाला. ते ज्या संत बेनेडिक्टच्या नियमाने चालत, त्यात दररोज थोड्या द्राक्षारसाची मुभा आहे. यथेच्छ पिण्याची नाही. दानाने व खरेदीने जमीन जोडीत त्यांनी वुजो गावी सुमारे ५० हेक्टरांचा मळा सिद्ध केला, व चौदाव्या शतकात त्यास दगडी कुसू घातले. कोणत्या उतारावर रस कसा उतरतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखले. (ते माती जिभेवर ठेवून चाखीत, ही मात्र दंतकथा समजावी.) १७८९ च्या राज्यक्रांतीत ख्रिस्तसभेची मालमत्ता सरकारजमा होऊन हाही मळा विकला गेला. कुसू अद्याप तेच आहे. आत मात्र आज सुमारे ८० मालक नांदतात!

जवळच बोन नगर आहे. युद्धाने व उपासमारीने प्रजा गांजली असता ड्यूकचा प्रधान निकोला रोलँ व त्याची पत्नी गिगोन यांनी १४४३ मध्ये तेथे गरिबांसाठी रुग्णालय स्थापिले. मोठ्या दालनात खाटांच्या रांगा व टोकास वेदी, अशी रचना असल्याने अंथरुणावरूनच रुग्णांस मिस्सा पाहता येई. पुढे भाविकांनी या संस्थेस द्राक्षमळे दान दिले, आणि त्यांच्या उत्पन्नावर कित्येक शतके औषधपाणी चालले. मद्याने घरे बुडतात हे खरेच. परंतु येथे त्याच रसाने आजाऱ्यांच्या खाटा सांभाळल्या, हेही तितकेच खरे.

१९३७ मध्ये दीजों ते सांतने हा सुमारे ६० किलोमीटरांचा मार्ग प्रवाशांसाठी आखण्यात आला; २०१५ मध्ये युनेस्कोने या मळ्यांस जागतिक वारशात स्थान दिले. आता देशोदेशींचे लोक तेथे पेला हाती घेऊन हिंडतात. त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. बाटलीची किंमत विचारणाऱ्याने ते कुसू कोणी रचले, एवढेही विचारावे, इतकीच अपेक्षा. जुन्या वास्तूतील रुग्णसेवा १९७१ मध्ये नव्या इमारतीत गेली. जुनी वास्तू संग्रहालय झाली. पण १८५९ पासून चालत आलेला पिंपांचा लिलाव आजही नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो, आणि त्याचा पैसा रुग्णालयाच्या कामी लागतो.