दिनविशेष : १४ जानेवारी १९९२

ब्रसेल्समध्ये या दिवशी ‘इक्सी’ तंत्राने पहिले बाळ जन्मले. एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणाऱ्या या पद्धतीने अनेकांना पितृत्व दिले. वंध्यत्वाचे मूळ मात्र तसेच राहिले. ‘वाय’ गुणसूत्राचा तुकडा गळाल्यास शुक्राणू बनत नाहीत, हे तिएपोलो आणि झुफार्दी या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्येच सुचवले होते. थोडे तरी शुक्राणू मिळाले, तर ‘इक्सी’मुळे हा दोष मुलाकडे जातो; मग तो पुढे का न्यावा, असा आक्षेप येतो. पण असा मुलगा एरवी बहुधा निरोगीच असतो, त्यामुळे अशा वेळी ‘इक्सी’वर बंदी अन्यायाची ठरेल. निर्णय दाम्पत्याचाच, मात्र पूर्ण माहितीनिशी. शिवाय दोष बाईचाच, ही क्रूर समजूत पतीच्या जनुकीय चाचणीपुढे टिकत नाही. वीर्यात शुक्राणू नसतील किंवा फारच कमी असतील, तर उपचाराआधी पतीची जनुकीय चाचणी जरूर करून घ्यावी.