तापलेल्या घोड्यावर गार पाणी

‘तापलेल्या घोड्यावर एकदम गार पाणी ओतू नका, स्नायू आखडतात.’ घोडेस्वारांमध्ये ही समजूत फार जुनी. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर तिचं पुढे काय झालं ते बघा.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लांब पल्ल्याची दौड संपवताना काही घोडे उन्हानं पार गळून गेले होते. पुढचं ऑलिंपिक १९९६ चं, अटलांटाला. तेही ऐन जुलैत, दमट हवेत. आता यातलं विज्ञान बघू. स्नायू वापरतात त्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग हालचालीला लागतो, बाकीच्याची उष्णता होते. घोडा ती मुख्यतः घामावाटे टाकतो. पण दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. मग अंग गार कसं होणार?

मधल्या चार वर्षांत शास्त्रज्ञांनी उष्ण-दमट हवेत घोडे पळवले, अंगभर गार पाणी ओतलं आणि शरीराचं तापमान मोजलं. ते भराभर उतरलं, स्नायूंना इजाही दिसली नाही. अटलांटात मग दौडीचं अंतर कमी केलं, विश्रांती वाढवली, पाण्याचे तुषार उडवणारे पंखे लावले.

म्हणजे घोड्याला वाचवणारा उपायच काळजीपोटी टाळला जात होता! अनुभवी माणसांचं म्हणणं ऐकाच, पण वहीत त्याच्यापुढे एक प्रश्न लिहून ठेवा: हे कुणी मोजलंय, आणि कसं?