शाळा कुरणात गेली तेव्हा : बोर्डी-कोसबाडचा प्रयोग

शाळेत न येणाऱ्या मुलाचे काय करायचे, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यकर्त्यांपाशी एक ठळक उत्तर होते : सक्ती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हाच मार्ग धरला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठरला. ब्रिटिश हद्दीत गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन राजांचे मोठेपण कळते.

तरीही एक प्रश्न उरतोच. दंडाच्या धाकाने मुलाचे नाव हजेरीपटावर चढेल. पण ज्या मुलाला शाळेचीच भीती वाटते, त्याचे काय? हा धागा त्या प्रश्नाला भिडलेल्या दोन शिक्षिकांविषयी आहे : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंची घडण भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत झाली. तेथे वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. शिक्षा नाही आणि बक्षिसाचे आमिषही नाही, हा तेथील पाया. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि पहिल्याच दिवशी त्याची फजिती होते. त्याने योजलेल्या शांततेच्या खेळात मुले इतका गोंगाट करतात की त्याला शाळा सोडून द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो धडा बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगू लागतो. मुले हलत नाहीत. शिक्षकाचा पराभव इतक्या मोकळेपणाने मांडणारी पुस्तके आपल्याकडे आजही विरळाच.

ताराबाईंनी गिजुभाईंसह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि पुढे मराठीतून 'शिक्षणपत्रिका' चालवली. मात्र माँटेसरी पद्धतीची ही बालमंदिरे मुख्यतः शहरांतल्या सुस्थित घरांची होती. साधने महाग, जागा प्रशस्त. खेड्यातल्या मुलापर्यंत हे पोचणार कसे, या विचाराने १९४५ च्या अखेरीस त्रेपन्न वर्षांच्या ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पस्तीस वर्षांच्या अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, त्यानंतर शिक्षण आणि दीर्घकाळ शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास होता.

काळ आणि स्थळ दोन्ही पाहण्यासारखी आहेत. त्याच वर्षी या पट्ट्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांना संघटित करीत होते आणि ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. वारली कुटुंबाच्या अनुभवात लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणजे सावकार, जमीनदाराचा कारकून किंवा जंगलखात्याचा शिपाई. कागदावर अंगठा उमटला की वर्षानुवर्षांची मजुरी मागे लागे. स्वच्छ कपड्यांतला परका माणूस दिसताच मूल लपले, तर त्याला अभ्यासाची नावड म्हणणे सोपे होते; पण त्या भीतीमागे पिढ्यांचा अनुभव होता.

त्यामुळे केंद्राची बालवाडी सुरू झाली तरी दूरच्या पाड्यांवरची मुले तेथे येईनात. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. एखाद्या झोपडीपुढच्या अंगणात शिक्षिका जाऊन बसू लागल्या. मुलांच्या आया समोरच कामात असत, ओळखीचे कुत्रे आसपास फिरत असे, आणि वाटेल तेव्हा उठून घरात जाण्याची मुभा असे. घाबरलेल्या मुलाला याहून मोठा दिलासा कोणता? महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने आणि शिंपले यांनी घेतली. अशा शाळेला ताराबाईंनी नाव दिले अंगणवाडी.

सुरुवात अक्षरांनी होत नसे. हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी आणि गोष्टी. या स्वच्छतेच्या आग्रहात शहरी, पांढरपेशा नजरेचा अंश होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या समाजाला गावात अंतरावर ठेवले जाई, त्यातल्या मुलाचे केस शिक्षिकेने आपल्या हातांनी विंचरणे, ही त्या काळी साधी घटना नव्हती.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे दुसरी अडचण उभी राहिली. थोडी मोठी मुले अंगणातही सापडत नसत, कारण ती गुरांमागे रानात असत. आठ-नऊ वर्षांच्या गुराख्याची मजुरी, मग ती नुसत्या जेवणाची का असेना, घराला हवी होती. अशा मुलाला गैरहजर ठरवणे म्हणजे गरिबीची नोंद त्याच्या नावावर करणे होते. मग शिक्षकच गुरांमागे गेले. जनावरे चरत असताना झाडाखाली गोष्ट, गाणे आणि खड्यांवर मोजणी चाले. जनावर भरकटले की मूल उठून जाई, परत येऊन बसे. ही कुरणशाळा.

मुलींच्या गैरहजेरीचे कारण आणखी निराळे होते. आईबाप मजुरीला गेले की तान्ह्या भावंडाला सांभाळणे थोरल्या बहिणीच्या वाट्याला येई. विकासवाडीच्या योजनेत म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकींना जोडून ठेवली गेली. कडेवरचे मूल पाळणाघरात उतरवले की बहीण शेजारच्या वर्गात जाऊन बसू शके. ही रचना कोणत्याही दंडापेक्षा अधिक नेमकी होती, कारण ती कारण शोधून मग केलेली होती.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताई कोसबाडलाच काम करीत राहिल्या. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक मराठी वाचकांनी आवर्जून मिळवून वाचावे असे आहे. १९९२ मध्ये त्याही गेल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. तो शब्द आज देशभरातल्या गावोगावी पाट्यांवर दिसतो. कुरणशाळा हा शब्द मात्र कोसबाडच्या परिसराबाहेर फारसा गेला नाही.